खालिद जमील: मुंबईच्या मैदानातून भारताच्या डगआउटपर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय पुरुष फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. त्यानंतर महाराष्ट्रातल्या अनेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदाच ऐकलं. खरं तर हा माणूस दोन दशकं आपल्याच मुंबईच्या कूपरेज मैदानावर, आपल्याच क्लबांसाठी घाम गाळत होता. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सामन्यांचे निकाल आणि आकडे नोव्हेंबर २०२५ पर्यंतचे आहेत.

खालिद जमील मूळचे कुठले? त्यांना मुंबईकर म्हणावं का?

जन्म २१ एप्रिल १९७७ चा, कुवेतमधला. आईवडील पंजाबी, भारतीय. आखाती युद्धाच्या सुमारास कुटुंब भारतात परतलं आणि पुढचं सगळं मुंबईत झालं. वांद्र्याचं रिझवी कॉलेज, मग इथलेच क्लब, इथलीच मैदानं. लहानपणी त्यांचा आदर्श होता फ्रान्सचा मिशेल प्लातिनी. माझ्या मते त्यांना मुंबईकर म्हणायला काहीच हरकत नाही. खेळाडू म्हणून त्यांची सगळी कारकीर्द मुंबईच्या क्लबांत गेली आणि प्रशिक्षक म्हणून पहिली सात वर्षंही इथेच गेली.

खेळाडू म्हणून ते कोणकोणत्या क्लबांकडून खेळले?

१९९७ मध्ये महिंद्रा युनायटेड, १९९८ पासून एअर इंडिया, २००२ मध्ये परत महिंद्रा आणि २००७ मध्ये नव्याने निघालेला मुंबई एफसी. खेळायचे मधल्या फळीत. भारतीय संघाकडूनही खेळले.

हे तिन्ही संघ आज राष्ट्रीय फुटबॉलमध्ये नाहीत. महिंद्राने २०१० मध्ये संघ बंद केला. एअर इंडियाला क्लब लायसन्सिंगचे निकष पूर्ण न झाल्याने २०१३ मध्ये आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या प्रमुख लीगमधून, वगळलं. मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत गेला आणि त्यानंतर उभाच राहिला नाही. ज्या मैदानी व्यवस्थेतून जमील घडले ती व्यवस्थाच संपली, हे त्यांच्या कारकिर्दीबद्दल बोलताना सहसा कुणी सांगत नाही. मुंबईत तेव्हा कंपन्यांचे आणि सरकारी उपक्रमांचे संघ असायचे. मुलाला नोकरी मिळायची, सकाळी सराव, मग ऑफिस. बिमल घोष यांच्यासारख्या प्रशिक्षकाने एअर इंडियात वर्षानुवर्षं कोवळी मुलं घेऊन संघ बांधले आणि मोठ्या संघांना झुंजवलं. पुढे घोष यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. कमी पैशांत संघ कसा उभा करायचा, याचे धडे या शहरात उपलब्ध होते.

कोलकात्याच्या मोहन बागान, ईस्ट बंगालसारख्या क्लबांनी त्यांना बोलावलं नव्हतं का?

बोलावलं होतं. पण त्या काळात दोन्ही क्लबांच्या जर्सीवर मद्यकंपन्यांची नावं होती आणि जमील यांनी त्यामुळेच नकार दिला, असं त्यांच्याबद्दल अनेकदा छापून आलं आहे. कोलकाता म्हणजे तेव्हा भारतीय फुटबॉलची पंढरी. पैसा तिथे, गर्दी तिथे, वर्तमानपत्रांत नाव तिथे. विशीतल्या मुलाने श्रद्धेपोटी ते सोडून मुंबईतच राहायचं ठरवलं, यावरून माणसाचा पीळ कळतो.

खेळाडू म्हणून सर्वांत मोठं यश कोणतं?

२००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग. महिंद्रा युनायटेडने त्या मोसमात लीग आणि फेडरेशन कप दोन्ही जिंकले, आणि जमील त्या संघात होते. गोवा आणि कोलकात्याच्या मक्तेदारीत मुंबईचा संघ देशाचा विजेता झाला होता. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा, तेही साळगावकर या गोव्याच्या क्लबचे माजी खेळाडू. खेळाडू म्हणून मैदान गाजवलेल्या भारतीय माणसाच्या हाताखाली आपण देशात पहिले येऊ शकतो, हे जमील यांनी ड्रेसिंग रूममध्ये बसून पाहिलं होतं. पुढे परदेशी प्रशिक्षकांची लाट आली तेव्हा ही गोष्ट बहुतेक क्लबमालक विसरले.

मग खेळणं इतक्या लवकर का थांबलं?

दुखापती. मुंबई एफसीत आल्यावर त्यांना फारसं खेळताच आलं नाही. २००९ मध्ये, ३२ व्या वर्षी, त्यांनी बूट काढून ठेवले आणि त्याच क्लबने त्यांना थेट मुख्य प्रशिक्षक केलं. त्याआधी तिथे डेव्हिड बूथ हे इंग्लिश प्रशिक्षक होते.

सहायक म्हणून उमेदवारी नाही, वयोगटाचा संघ नाही. काल ज्यांच्या शेजारी बसून बुटांच्या नाड्या बांधल्या, आज त्यांनाच संघातून वगळायचं. खेळाडूचा प्रशिक्षक होताना ही सगळ्यांत अवघड पायरी असते आणि जमील यांना ती एका उन्हाळ्यात चढावी लागली.

मुंबई एफसीत सात वर्षं काय केलं? एकही करंडक नाही ना?

करंडक नाही, बरोबर. पण हा प्रश्न अर्धवट आहे.

मुंबई एफसीकडे मोठा निधी नव्हता. कूपरेजचं काम सुरू असल्यामुळे काही मोसम तर घरचं मैदानही शहरात नव्हतं. ‘घरचे’ सामने पुण्याला बालेवाडीत व्हायचे. म्हणजे मुंबईचा संघ, सामना पुण्यात, आणि प्रेक्षक मूठभर. समोर गोव्याचे डेम्पो, चर्चिल, साळगावकर, कोलकात्याचे ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि नंतर बेंगळुरू एफसी. दरवर्षी चांगला खेळलेला खेळाडू दुसरा कुणी जास्त पैसे देऊन घेऊन जायचा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा नव्याने मांडामांड.

अशा संघाला २००९-१० ते २०१५-१६ या सात मोसमांत एकदाही खालच्या श्रेणीत जाऊ दिलं नाही. २०१६ मध्ये जमील यांनी क्लब सोडला, आणि पुढच्याच मोसमात मुंबई एफसी शेवटचा येऊन बाहेर पडला. तोवर जमील यांनी नेमकं काय धरून ठेवलं होतं, ते त्या एका मोसमाने दाखवून दिलं.

टीकाही व्हायची. बचाव फार, लांब चेंडू फार, बरोबऱ्या फार. काही सामने पाहायला खरोखर जड जायचे. पण ज्याच्याकडे गोल करणारा महागडा परदेशी नाही, त्याने आधी गोल खायचे थांबवावेत, हा हिशेब मला पटतो.

आयझॉलची गोष्ट एवढी का सांगतात?

कारण भारतीय फुटबॉलमध्ये असं पूर्वी घडलं नव्हतं.

आयझॉल एफसी हा मिझोरमचा क्लब २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला होता. त्याच सुमारास गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं, जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत घेतलं गेलं. म्हणजे जो संघ २०१६-१७ मध्ये खेळायलाच नको होता, त्याची जबाबदारी जमील यांनी घेतली.

मुंबईहून त्यांनी आपली माणसं नेली. जयेश राणे हा मुंबईचा पोरगा आणि आशुतोष मेहता, दोघेही मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेले. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान, मागे नायजेरियाचा किंग्सली, पुढे आयव्हरी कोस्टचा कामो बायी. बाकीची मुलं मिझोरमची, पायात वारं भरलेली. कुणीही मोठं नाव नाही. अल-अमना चेंडू पायाशी धरून खेळाचा वेग ठरवायचा आणि बाजूने मिझो मुलं सुटायची. राजीव गांधी स्टेडियमच्या कृत्रिम मैदानावर, डोंगरातल्या हवेत, पाहुण्या संघांची दमछाक व्हायची.

२२ एप्रिल २०१७ ला मोहन बागान आयझॉलला आलं. दोघेही विजेतेपदाच्या शर्यतीत. झोहमिंगलियाना राल्टेने गोल केला, आयझॉल १-० ने जिंकलं.

शेवटचा सामना ३० एप्रिलला शिलाँग लाजाँगविरुद्ध, शिलाँगमध्ये. हरायचं नाही, बरोबरी पुरेशी, एवढंच गणित. मिझोरमहून लोक डोंगररस्त्यांनी तिथे पोचले होते. सुरुवातीलाच दिपांडा डिकाने लाजाँगला आघाडी मिळवून दिली. तिकडे कोलकात्यात त्याच वेळी मोहन बागान चेन्नई सिटीविरुद्ध खेळत होतं, आणि आयझॉल हरलं असतं तर चषक तिकडे गेला असता. पूर्वार्ध संपला, तरी मागेच. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं आयझॉलने ज्या शिस्तीने काढली, त्यात मला मुंबई एफसीची सात वर्षं दिसतात. आघाडी नसताना, पाय थकलेले असताना, निकाल हातातून निसटू द्यायचा नाही, हे काम जमील आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मुलांना पाठ होतं.

१८ सामने, ११ विजय, ४ बरोबऱ्या, ३ पराभव, ३७ गुण. मोहन बागान ३६. ईशान्य भारतातला पहिला राष्ट्रीय लीग विजेता.

वर्षभर आधी इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीने अशीच किमया केली होती, त्यामुळे सगळीकडे ‘भारताचं लेस्टर’ असे मथळे आले. मला ती उपमा अपुरी वाटते. लेस्टर आधीच्या मोसमात खाली जाता जाता वाचलं होतं. आयझॉल खाली गेलेलं होतं.

एवढं यश मिळाल्यावर आयझॉल का सोडलं?

ईस्ट बंगालने बोलावलं आणि भारतीय प्रशिक्षकाला क्वचितच मिळते एवढी रक्कम देऊ केली. तेव्हाच्या बातम्यांनुसार वर्षाला सव्वा कोटी. दुखापतींनी खेळणं अकाली थांबलेल्या माणसाने ते स्वीकारलं, यात दोष देण्यासारखं काही नाही.

कोलकात्यात काय बिनसलं?

दोन्ही मोठ्या क्लबांचे प्रशिक्षक होण्याचा मान मिळाला, यश नाही.

ईस्ट बंगालमध्ये २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये चौथा क्रमांक. अल-अमना त्यांच्याबरोबर आला होता, पण किंग्सली गेला मोहन बागानकडे, आणि डिसेंबर २०१७ च्या डर्बीत, म्हणजे या दोन क्लबांच्या सामन्यात, त्याच किंग्सलीच्या गोलवर ईस्ट बंगाल ०-१ ने हरलं. दुसऱ्या डर्बीत शिलाँगच्या त्या शेवटच्या सामन्यातला डिका आता बागानकडून खेळत होता. त्याने दोन गोल केले. मोसमाच्या शेवटी क्लबने सुभाष भौमिक यांना तांत्रिक संचालक म्हणून आणलं आणि जमील यांच्या हातातला कारभार आक्रसला. सुपर कपच्या अंतिम फेरीत संघ पोचला, पण बेंगळुरू एफसीने ४-१ ने हरवलं.

जानेवारी २०१९ मध्ये मोहन बागानने मधल्या मोसमात बोलावलं. काही दिवसांतच डर्बी, आणि ती ईस्ट बंगालने २-० ने जिंकली. लीगमध्ये पाचवा क्रमांक.

कोलकात्यात प्रशिक्षकाने बोलकं असावं लागतं. पत्रकार, जुने खेळाडू, क्लबचे अधिकारी, चौकातले समर्थक, सगळ्यांना रोज काहीतरी सांगावं लागतं. जमील मितभाषी. पत्रकार परिषदेत दोन वाक्यांच्या पुढे जात नाहीत. आयझॉलमध्ये हे चाललं, कारण तिथे त्यांना फक्त संघ सांभाळायचा होता.

आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, देशातली अव्वल लीग) ते ‘पहिले भारतीय’ म्हणतात, ते नेमकं कशात?

दोन गोष्टींत. प्ले-ऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद सामन्यांत, संघ नेणारे पहिले भारतीय प्रशिक्षक असं त्यांच्याबद्दल सहसा म्हटलं जातं, आणि हंगामी नव्हे तर पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमले गेलेले पहिले भारतीय.

२०१९ मध्ये ते गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक म्हणून गेले. आय-लीग जिंकलेला माणूस सहायक, यावर वेगळं काही बोलायला नको. फेब्रुवारी २०२० मध्ये मुख्य प्रशिक्षक रॉबर्ट यार्नी पदावरून गेले, जमील हंगामी. पुढच्या मोसमात जेरार्ड नुस आले, जमील परत सहायक. जानेवारी २०२१ मध्ये नुस गेले, जमील परत हंगामी.

तो मोसम कोविडमुळे संपूर्ण गोव्यात खेळवला गेला, रिकाम्या स्टेडियममध्ये, बायो-बबलमध्ये. ११ सामन्यांत १२ गुण, अशा अवस्थेत संघ त्यांच्याकडे आला. उरलेल्या ९ सामन्यांत ६ विजय, ३ बरोबऱ्या, पराभव शून्य. त्या मोसमात विजेत्या ठरलेल्या मुंबई सिटीलाही हरवलं. ३३ गुणांसह तिसरा क्रमांक. उपांत्य फेरीत एटीके मोहन बागानशी (मोहन बागानचं तेव्हाचं नाव) पहिला सामना १-१, दुसऱ्यात १-२ ने पराभव, आणि त्यात एक पेनल्टीही वाया गेली. आशुतोष मेहता याही संघात होता. त्या खेळाच्या जोरावर मार्च २०२१ मध्ये त्याला भारताची जर्सी मिळाली.

ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना कायम केलं.

हंगामी प्रशिक्षक म्हणजे काय?

मुख्य प्रशिक्षकाला मोसमाच्या मध्यात काढल्यावर नवा मिळेपर्यंत संघ सांभाळणारा. आयएसएलमध्ये ही जागा वर्षानुवर्षं भारतीयांची. गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडा यांनी २०२० मध्ये एफसी गोवाला अशाच परिस्थितीत साखळी फेरीत अव्वल ठेवलं, मुंबईच्या नौशाद मूसा यांनी २०२१ मध्ये बेंगळुरू एफसी सांभाळला. दोघेही माजी खेळाडू. घर पेटलं की बोलवायचं, विझलं की बाजूला करायचं, असं बरेच दिवस चाललं. मिरांडा यांनी २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला, तोही हंगामी म्हणूनच.

कायम झाल्यावर काय झालं?

२०२१-२२ मध्ये नॉर्थईस्ट ११ पैकी १० वा आला. आदल्या वर्षीचे चांगले खेळाडू निघून गेले होते, दुखापतीही होत्या. तरी बचावात पूर्वीची घट्ट वीण नव्हती आणि त्याची जबाबदारी प्रशिक्षकाचीच. मोसमानंतर ते बाहेर पडले. पुढे २०२३ मध्ये एफसी बेंगळुरू युनायटेड, म्हणजे देशातल्या खालच्या श्रेणीतला संघ. आयएसएलमधून एवढ्या खाली जाऊन काम करायला किती जण तयार होतील, सांगा.

जमशेदपूरमध्ये असं काय घडलं की थेट भारतीय संघ मिळाला?

डिसेंबर २०२३ च्या शेवटी त्यांनी स्कॉट कूपर यांच्या जागी जमशेदपूर एफसीची सूत्रं घेतली. जानेवारीतच सुपर कपची उपांत्य फेरी. खरी कमाई २०२४-२५ ची. पैशांत मोहन बागान किंवा मुंबई सिटीच्या जवळपासही नसलेल्या संघाने साखळीत पाचवं स्थान मिळवलं, बाद फेरीत शिलाँगला जाऊन नॉर्थईस्टला २-० ने हरवलं आणि उपांत्य फेरीत मोहन बागानला घरच्या मैदानावर २-१ ने नमवलं. कोलकात्यातला दुसरा सामना ०-२, दुसरा गोल भरपाई वेळेत, बागानच्या अपुइयाचा. आयएसएलच्या दोन्ही उपांत्य फेऱ्यांत जमील बागानकडून एकूण ३-२ अशाच फरकाने हरले आहेत.

त्यानंतर सुपर कपचा अंतिम सामना, ३ मे २०२५, भुवनेश्वर. एफसी गोवाने ३-० ने हरवलं. गोव्याचे प्रशिक्षक होते मानोलो मार्केझ, जे तेव्हा भारतीय संघाचीही धुरा सांभाळत होते. तीन महिन्यांनी त्यांच्याच जागी जमील आले.

२०२३-२४ आणि २०२४-२५ अशी सलग दोन वर्षं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना सर्वोत्तम पुरुष प्रशिक्षक म्हणून गौरवलं.

त्यांच्या संघाचा खेळ कसा असतो? ‘बस लावतात’ हे खरं का?

अर्धं खरं. बहुतेक वेळा ४-४-२, किंवा त्याच्या जवळचं काहीतरी. दोन फळ्यांमध्ये अंतर कमी, मधून वाट बंद, प्रतिस्पर्ध्याला बाजूला ढकलायचं. चेंडू मिळाला की लगेच पुढे, पंखांवरून, आणि पेटीत क्रॉस. कॉर्नर आणि फ्री किकवर भरपूर मेहनत. चेंडूवरचा ताबा कमी असतो. जमशेदपूर २०२४-२५ मध्ये ताब्याच्या बाबतीत तळाच्या संघांत असूनही प्ले-ऑफला पोचलं.

पण ‘बस लावणं’ म्हणजे गोलपुढे गर्दी करून नशिबावर सोडणं, आणि ते यात नाही. त्यांचा सामना पाहताना चेंडू विसरून पाच मिनिटं फक्त दोन बाजूच्या मिडफिल्डरांकडे बघा. चेंडू पलीकडच्या टचलाइनला असतो तेव्हा अलीकडचा खेळाडू जवळजवळ मैदानाच्या मध्यापर्यंत आत आलेला असतो. चेंडू फिरला की सगळी रांग एकदम सरकते. एकानेही दोन पावलं उशीर केला तर फट पडते. हे सरावाच्या मैदानावर शेकडो वेळा घोटून घेतल्याशिवाय होत नाही.

भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून निवड कशी झाली?

महासंघाकडे १७० अर्ज आले होते. आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक समितीने तीन नावं पुढे केली: जमील, स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्लोव्हाकियाचे स्टेफान तारकोविच. १ ऑगस्ट २०२५ ला जमील यांच्या नावावर शिक्कामोर्तब झालं.

याआधीचे भारतीय प्रशिक्षक होते गोव्याचे सावियो मेदेरा, २०११-१२ मध्ये. त्यांच्याआधी काही महिने आर्मांदो कोलासो, तेही गोव्याचे. मग कूव्हरमन्स, कॉन्स्टंटाइन, स्टिमाच, मार्केझ अशी परदेशी मालिका. हे पद पूर्वी बहुतेकदा भारतीयांकडेच असायचं. १९५१ आणि १९६२ चं आशियाई सुवर्ण आणि १९५६ च्या ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक हे सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखालचं यश आहे.

आतापर्यंत निकाल कसे आहेत?

सुरुवात सुखद, पुढचं दुखरं.

ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तानात झालेल्या काफा नेशन्स कप या मध्य आशियाई स्पर्धेत मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत, सुनील छेत्रीही संघात नव्हता. २९ ऑगस्टला यजमान ताजिकिस्तानला २-१ ने हरवलं, गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन या दोन बचावपटूंचे. इराणकडून ०-३, अफगाणिस्तानशी ०-०. तिसऱ्या क्रमांकासाठी ओमान, क्रमवारीत पन्नासहून अधिक स्थानांनी वर. ओमानची आघाडी, उदांता सिंगची बरोबरी, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये गुरप्रीत सिंग संधूने शेवटचा फटका अडवून ३-२ ने विजय. आखातातल्या एका तगड्या संघाला भारताने अशी झुंज देऊन हरवलेलं फार दिवसांनी पाहायला मिळालं.

मग आशियाई चषक २०२७ ची पात्रता. जमील आले तेव्हा दोन सामन्यांत एकच गुण होता; बांगलादेशशी ०-० आणि हाँगकाँगकडून ०-१. ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये झिंगनला लाल कार्ड मिळूनही रहीम अलीने अखेरीस १-१ केलं. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्ड्यावर छांगतेने सुरेख गोल करून आघाडी दिली, पण सिंगापूरच्या सोंग उइ-यंगने दोन गोल केले. १-२. पात्रतेचं दार तिथेच बंद झालं. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१, त्यांच्याविरुद्ध २२ वर्षांतला पहिला पराभव.

मग परदेशी प्रशिक्षकच बरा होता, असं म्हणायचं का?

नाही. या गटातले पहिले दोन सामने परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखालीच गेले होते. ऑक्टोबरमध्ये आयएसएलचा नवा मोसम सुरूही झाला नव्हता; लीग होणार की नाही, याचीच चर्चा चालू होती. खेळाडूंना सामन्यांचा सराव कुठून मिळणार? तरी फातोर्ड्याचा पराभव प्रशिक्षकाच्याही खात्यात जातो. आघाडी घेतल्यावर संघ मागे सरकला, मधली फळी पातळ पडली आणि सिंगापूरला हवी तेवढी जागा मिळाली. जमील यांची आजवरची ताकद नेमकी आघाडी राखण्यात होती, म्हणून तो सामना मला जास्त लागला.

क्लबच्या प्रशिक्षकाला रोजचा सराव मिळतो. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला जेमतेम काही दिवस. घोटून घेण्यावर ज्याचं सगळं तंत्र उभं आहे, त्याच्यासाठी हा बदल सोपा नाही. लांबच्या शिबिरांसाठी त्यांना खेळाडू मिळाले पाहिजेत, आणि ते देणं क्लबांच्या हातात आहे.

मी क्लबस्तरावर खेळलो आहे. प्रशिक्षक व्हायचं असेल तर सुरुवात कुठून?

नुसतं खेळलेलं असणं पुरत नाही. महासंघाची परवान्यांची शिडी आहे: डी, सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. एक पायरी चढल्यावर मधल्या काळात प्रत्यक्ष संघ हाताळलेला असावा लागतो, तेव्हाच पुढच्या कोर्सला बसता येतं. आयएसएलच्या मुख्य प्रशिक्षकाला प्रो लागतं. जमील यांच्याकडे ते आहे. महाराष्ट्रात डी लायसन्सच्या कोर्सची चौकशी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे, म्हणजे विफाकडे, किंवा आपल्या जिल्हा संघटनेकडे करा. जागा मोजक्या असतात, लवकर भरतात.

कोर्सची वाट पाहत बसू नका. शाळेचा किंवा वस्तीतला १३ वर्षांखालचा संघ आजच हाती घ्या. सरावाची वही ठेवा: काय घेतलं, कोण आलं, काय जमलं नाही. कोर्समध्ये प्रत्यक्ष सत्र घेऊन दाखवावं लागतं, आणि तिथे वर्षभर मुलं हाताळलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येतो.

मोठा खेळाडू नसलो तरी चालेल का?

चालेल. आर्मांदो कोलासो यांचं नाव खेळाडू म्हणून फारसं कुणाला आठवत नाही. डेम्पोला मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा देशाचा विजेता केलं.